मी नेमका कोणाच्या मालकीचा?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: पत्रलेखक 27 वर्षांचे आहेत. ते ख्रिस्ती कुटुंबात वाढले असून अनेक वर्षे मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघात काम करतात. गेल्या चार वर्षांत त्यांनी लिबर्टेरियन, म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्यवादी, विचारांचे पुष्कळ वाचन केले. ते एका अभ्यासमंडळातही जातात आणि तेथील बहुतेक मित्र निरीश्वरवादी आहेत. मध्यंतरी मंडळीने सरसकट दारूबंदीच्या मागणीचे निवेदन काढले, तेव्हा त्यांनी सही नाकारली. पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, सर्वांदेखत विचारले, "शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा तुम्हांला लागू नाही का?" त्याच आठवड्यात अभ्यासमंडळातला मित्र म्हणाला, "सरकारपुढे मान तुकवायची नाही म्हणतोस आणि आकाशातल्या राजापुढे गुडघे टेकतोस!" रविवारी अर्पणाची थैली पुढे आली की आपला हात खिशाशी थबकतो, असेही त्यांनी लिहिले आहे. "दोहोंपैकी एक सोडल्याशिवाय प्रामाणिकपणे जगता येणार नाही असे वाटते. काय सोडू?" हा त्यांचा प्रश्न. पत्रासोबत त्यांच्या वहीतल्या दोन पानांचे छायाचित्र आहे. डाव्या रकान्यात शास्त्रवचने, उजव्या रकान्यात तत्त्वे, आणि जेथे दोन्ही जुळत नाहीत तेथे लाल फुली.

प्रिय मित्रा,

तुमच्या पत्रापेक्षा तुमच्या वहीची ती दोन पाने मी अधिक वेळ पाहत बसले. तेवीस ओळी आणि त्यांतल्या चौदांवर फुली. सर्वांत ठळक, कागद फाटेल इतकी दाबून मारलेली फुली पहिल्याच ओळीवर आहे. डावीकडे प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेले वचन आहे, की तुम्ही स्वतःचे नाही, तुम्ही मोलाने विकत घेतलेले आहात, आणि उजवीकडे, "प्रत्येक माणूस स्वतःचा पूर्ण मालक आहे." वरवर पाहता यापेक्षा उघड विरोध सापडणे अवघड. तरीही माझी शंका याच फुलीपासून सुरू होते.

उजवीकडचे वाक्य कोणाला उद्देशून आहे, याचा विचार करा. लिबर्टेरियन जेव्हा 'मी माझा मालक' म्हणतो, तेव्हा तो दुसऱ्या माणसाशी बोलत असतो: राजाशी, जमीनदाराशी, बहुमताशी, गुलामांच्या व्यापाऱ्याशी. 'तुम्ही माझे मालक नाही' एवढाच त्या वाक्याचा राजकीय अर्थ आहे. डावीकडचे वचन माणसा-माणसातल्या हिशेबाबद्दल नसून माणूस आणि देव यांच्यातल्या नात्याबद्दल आहे. ही दोन विधाने एकमेकांना छेद देत नाहीत, एवढेच मी म्हटले असते तर ती चतुराई झाली असती. परंतु इतिहास त्याहून पुढे जातो. इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉकने 1689 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शासनविषयक ग्रंथात माणसाच्या स्वातंत्र्याचा जो पाया घातला तो नेमका डाव्या रकान्यातला आहे. सर्व माणसे एकाच निर्मात्याची कृती आहेत, म्हणून त्याची मालमत्ता आहेत, आणि म्हणूनच एका माणसाने दुसऱ्याला आपल्या उपयोगासाठी निर्माण केलेली वस्तू समजू नये, असा त्याचा युक्तिवाद आहे. मी देवाचा आहे, म्हणून तुमचा नाही. हा 'म्हणून' तुमच्या वहीत गळाला आहे.

अर्थात लॉकच्या वारसदारांनी तो पाया पुढे सोडून दिला. अमेरिकी तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी 1974 साली या विचारधारेची विद्यापीठीय जगात सर्वाधिक चर्चिली गेलेली मांडणी केली. तिची सुरुवातच अशी आहे की व्यक्तींना हक्क असतात आणि काही गोष्टी त्यांच्याबाबतीत कोणीही करू शकत नाही. हे हक्क कोठून आले? त्यांचा संपूर्ण नैतिक पाया आपण येथे मांडत नाही, हे नोझिक यांनी स्वतःच मोकळेपणाने कबूल केले आहे. त्यांना कमी लेखण्यासाठी मी हे सांगत नाही. ती कबुली हा त्यांच्या प्रामाणिकपणाचा पुरावा आहे. मात्र तुमचा मित्र जेव्हा तुमच्या श्रद्धेला हसतो, तेव्हा त्याला एवढे शांतपणे विचारा की माणसाचे हक्क अनुल्लंघनीय आहेत हे तो कशावरून मानतो. त्याच्याकडे उत्तर असेलही. पण ते उत्तर सूक्ष्मदर्शकातून दिसणारे नसेल, आणि मग तुम्हां दोघांमधले अंतर त्याला वाटते तेवढे राहणार नाही.

'आकाशातल्या राजापुढे गुडघे टेकतोस' या टोमण्याला मात्र उत्तर आहे, आणि ते तुम्ही त्या संध्याकाळी दिले नाही याची मला थोडी हळहळ वाटते. राज्यसत्तेबद्दल तुमच्या मित्राची तक्रार ही आहे की तिची आज्ञा न मानणाऱ्याच्या दाराशी शिपाई येतो. सुवार्तेतला येशू कोणाच्या दाराशी शिपाई पाठवतो? सगळे विकून गरिबांना दे असे ऐकल्यावर श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून जातो, तेव्हा येशू त्याला जाऊ देतो. कार्थेजचा तर्तुल्लियन हा लेखक इसवी सन 200 च्या आसपास, ख्रिस्ती लोकांचा छळ होत असताना, रोमी अधिकाऱ्याला लिहितो की धर्म लादणे हे धर्माचे काम नव्हे, कारण तो स्वेच्छेने स्वीकारायचा असतो. पुढे 380 मध्ये ख्रिस्ती धर्म साम्राज्याचा अधिकृत धर्म झाला, आणि मंडळीच्या हाती सत्तेची छडी आल्यावर तर्तुल्लियनचे ते वाक्य शतकानुशतके अडगळीत पडले. कॅथलिक चर्चने धर्मस्वातंत्र्याचा नागरी हक्क नि:संदिग्धपणे मान्य केला तो 1965 मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. मित्राला हा सगळा इतिहास सांगा, काळ्या भागासकट. बळजबरीने झालेली भक्ती ही भक्तीच नव्हे, हे तुमच्या दोन्ही रकान्यांत लिहिता येईल असे वाक्य आहे.

आता तुम्हांला फारसे रुचणार नाही असे काही. तुमच्या उजव्या रकान्यात कादंबरीकार आयन रँड, नोझिक, आणि हायेक व मरी रॉथबार्ड हे अर्थतज्ज्ञ एकाच शाईने एकाखाली एक लिहिलेले आहेत, जणू ते एकाच घरातले भाऊबंद आहेत. तसे ते नाहीत. रँड यांनी तर लिबर्टेरियन म्हणवून घेणाऱ्यांशी आपले नाते जाहीरपणे नाकारले होते. त्यांचा विषय केवळ राज्यसत्तेच्या मर्यादा हा नव्हता. माणसाने जगावे कसे हेच त्या सांगत होत्या, आणि दुसऱ्यासाठी स्वतःला झिजवणे हा सद्गुण नसून दोष आहे असे त्यांचे उत्तर होते. त्यांनी स्वार्थाला सद्गुण म्हटले ते चुकून नव्हे. वधस्तंभ ज्याच्या केंद्रस्थानी आहे त्या विश्वासाशी या उत्तराची तडजोड होऊ शकत नाही, आणि ती करू पाहणाऱ्याने दोघांचाही अपमान केला असेच मी म्हणेन. तुमच्या चौदा फुल्यांपैकी सहा रँड यांच्या वाक्यांसमोर आहेत. त्या तशाच ठेवा. त्या खऱ्या आहेत.

रॉथबार्ड यांची गोष्ट वेगळी आहे आणि तुमच्या दृष्टीने अधिक उद्बोधक. 1982 मध्ये त्यांनी आपले तत्त्व शेवटच्या टोकापर्यंत नेऊन असे लिहिले की आईवडिलांवर आपल्या मुलाला खाऊ घालण्याची कायदेशीर सक्ती असू नये. हे वाचून तुमच्या पोटात कालवले असेल तर बरे झाले. माझ्याही कालवले होते. पण त्याच ठिकाणी ते हेही म्हणतात की नैतिक कर्तव्य आहे की नाही हा निराळा प्रश्न आहे. म्हणजे इतक्या कडव्या लेखकालाही ठाऊक होते की आपले तत्त्वज्ञान एकाच प्रश्नाचे उत्तर देते: बळाचा वापर केव्हा न्याय्य ठरतो? उपाशी मुलासमोर बसलेल्या बापाने काय करावे, हे त्या तत्त्वज्ञानाच्या कक्षेबाहेर राहते. तुमची अडचण, माझ्या मते, येथे आहे. बळ केव्हा वापरावे या मर्यादित प्रश्नाच्या उत्तराकडून तुम्ही जगावे कसे याचे मार्गदर्शन मागत आहात, आणि ते न मिळाल्याने तुम्हांला कोरडे वाटते. तुमचे पाळक नेमके उलटे करत आहेत. जगावे कसे याचे उत्तर त्यांच्याकडे आहे, आणि त्यावरून कायदा काय असावा हे आपोआप ठरते असे त्यांनी गृहीत धरले आहे.

ते आपोआप ठरत नाही, हे सांगायला लिबर्टेरियन असण्याची गरज नाही. तेराव्या शतकात ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसने स्पष्ट लिहिले आहे की मानवी कायदा हा बहुसंख्य अपूर्ण माणसांसाठी असतो, म्हणून त्याने सर्वच दुर्गुणांवर बंदी घालू नये. ज्यांना मनाई केल्यावाचून समाज टिकणार नाही अशा, विशेषतः इतरांना इजा करणाऱ्या, गंभीर दोषांवर ती घालावी. दारूबंदीचाच दाखला हवा असेल तर अमेरिकेचा आहे. तेथे ख्रिस्ती संघटनांच्या दीर्घ चळवळीनंतर 1920 पासून देशभर दारूबंदी लागू झाली आणि 1933 च्या अखेरीस घटनादुरुस्तीनेच ती मागे घ्यावी लागली; मधल्या काळात चोरट्या व्यापाऱ्यांच्या टोळ्या गबर झाल्या. ज्या स्त्रियांनी ती चळवळ उभारली त्यांची तळमळ खोटी नव्हती, हेही विसरू नका. दारूड्या नवऱ्याच्या हातची मारहाण त्यांच्यापैकी अनेकींनी पाहिली होती. सही न करण्याला तुमच्याकडे सबळ कारणे आहेत. पण त्या कारणांनी त्या स्त्रियांच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

आणि येथे मला तुमच्या पत्रातले एक वाक्य टोचते. "मी सही नाकारली, कारण व्यसनमुक्तीचे काम स्वेच्छेने व्हावे असे माझे मत आहे," असे तुम्ही लिहिता. पत्र मी दोनदा वाचले. हे काम तुम्ही स्वतः करता, करणार आहात किंवा त्यासाठी काही देता, असा उल्लेख कोठेही आढळला नाही. 'हे सरकारने करू नये, लोकांनी करावे' असे म्हणणाऱ्यावर एक जबाबदारी येऊन पडते, कारण त्या 'लोकां'त तो स्वतः असतो. रागावू नका. कर भरताना दरवर्षी न चुकता कुरकुर करणाऱ्यांपैकी मीही एक आहे, आणि वाचलेले पैसे मी कोठे घातले असते हा प्रश्न मलाही अवघड जातो.

मालमत्तेच्या ओळींकडे वळू. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातली पहिली मंडळी सर्व काही समाईक ठेवत असे, म्हणून तुम्ही तेथे फुली मारली आहे. पुढचा अध्याय वाचा. हनन्या जमीन विकून काही रक्कम मागे ठेवतो आणि सगळी दिल्याचा आव आणतो. तेव्हा प्रेषित पेत्र म्हणतो, की ती होती तोवर तुझीच नव्हती का, आणि विकल्यावरही तुझ्याच स्वाधीन नव्हती का? दोष खोटेपणाचा होता. न देण्याचा नव्हता. ही फुली पुसता येईल. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात तर धनी विचारतो, की जे माझे आहे त्याचे मी हवे तसे करू नये काय? तुमच्या अभ्यासमंडळात हे वाक्य टाळ्या घेईल; फक्त त्यांना हेही सांगा की धनी हा हक्क राखून ठेवण्यासाठी बजावत नाही, शेवटच्या तासाला आलेल्या मजुराला पूर्ण दिवसाची मजुरी देण्यासाठी बजावतो.

'कैसराचे (रोमी सम्राटाचे) ते कैसराला आणि देवाचे ते देवाला द्या' असे येशू सांगतो तो नाण्याचा प्रसंग तुम्ही कराचे समर्थन म्हणून डावीकडे टाकला आहे. ते खरेच आहे, पण अपुरे आहे. येशू नाणे मागून घेतो आणि विचारतो की यावर मुद्रा कोणाची? तर्तुल्लियनने त्यावर केलेले भाष्य असे: नाण्यावर कैसराची प्रतिमा आहे म्हणून नाणे कैसराला द्या, माणसावर देवाची प्रतिमा आहे म्हणून माणूस देवाला द्या. कराची पावती मिळते, पण कैसराचा हक्क कोठे संपतो याची रेघही त्याच वाक्यात ओढली जाते. रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय आणि शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा आठवा अध्याय हे दोन्ही एकाच शास्त्रात आहेत. एकात अधिकाऱ्यांचा मान राखा, कर द्या असे सांगितले आहे. दुसऱ्यात राजा मागणाऱ्या इस्राएलाला बजावले आहे की तो तुमचे मुलगे, तुमची उत्तम शेते आणि धान्याचा दहावा हिस्सा घेईल आणि तुम्ही त्याचे दास व्हाल. ज्याला त्यांतला एकच अध्याय तोंडपाठ आहे, त्याच्याशी वाद घालताना जपून.

मात्र सगळ्या फुल्या पुसल्या जातील असे आश्वासन मी देणार नाही. लेवीयाच्या पुस्तकात शेताच्या कडेचे पीक कापू नका, गळालेला सरवा वेचू नका, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडा, असे सांगितले आहे. ते धन्याच्या मर्जीवर सोडलेले दान नव्हे. तो नियम आहे, आणि सरवा वेचणारा भीक मागत नाही. अक्वायनस म्हणतो की जिवावर बेतलेल्या गरजेत दुसऱ्याचे घेणे ही चोरीच ठरत नाही. स्वतः लॉकही म्हणतो की अत्यंत गरजू माणसाचा दुसऱ्याच्या विपुलतेवर, जगण्यापुरता का होईना, हक्क असतो. म्हणजे ख्रिस्ती परंपरेत 'माझे' या शब्दाला नेहमीच एक अट जोडलेली आहे: मी कारभारी आहे. काटेकोर लिबर्टेरियन ही अट कायद्यात येऊ देणार नाही. ती कायद्यात किती यावी आणि विवेकावर किती सोडावी, याबद्दल दोन प्रामाणिक ख्रिस्ती माणसांत टोकाचे मतभेद होऊ शकतात. पण अट नाहीच, असे ख्रिस्ती माणसाला म्हणता येत नाही. तुम्हांला काही सोडावे लागणार असेल तर ते हे, आणि ते सोडल्यावरही लहान सरकार, मोकळा व्यापार, अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य, विवेकाचा हक्क यांचे समर्थन तुम्ही पूर्वीइतक्याच जोमाने करू शकाल. त्यानंतर स्वतःला लिबर्टेरियन म्हणावे की नाही, याचा निर्णय आज करण्याची घाई नाही. नाव ठरवण्याच्या उत्साहात विचार अर्धवट राहतात, असा माझा अनुभव आहे.

प्रत्यक्षात काय करावे, हे तुम्ही विचारले आहे. त्याच वहीत तिसरा रकाना आखा आणि प्रत्येक ओळीपुढे लिहा: येथे कोण, कोणाला, कोणत्या साधनाने काय करायला सांगत आहे? उपदेश, उदाहरण, मैत्री, कायदा आणि तुरुंग ही निरनिराळी साधने आहेत. माझ्या मोजणीप्रमाणे, रँड यांच्या सहा सोडल्या तर उरलेल्या आठ फुल्यांपैकी निदान पाच एवढ्यानेच गळतील. अशाच पेचात सापडलेले इतर वाचकही, मग त्यांची श्रद्धा कोणतीही असो, हा रकाना आखून पाहू शकतात.

पाळकांना एकटे भेटा, उपासनेनंतरच्या गर्दीत नको. त्यांनी चारचौघांत विचारले हे बरे झाले नाही, हे त्यांना सौम्य शब्दांत सांगा. पण तेवढेच सांगून परत येऊ नका. सही का केली नाही ते सांगा आणि सहीऐवजी काय देऊ शकता तेही ठरवूनच जा: आठवड्यातली एक संध्याकाळ व्यसन सोडू पाहणाऱ्यांसाठी, किंवा व्यसनापायी मोडलेल्या एखाद्या कुटुंबाच्या मुलांचे शिक्षण. हे करायची तयारी नसेल तर भेट पुढे ढकला, कारण तोपर्यंत त्यांचा प्रश्न, विचारण्याची पद्धत चुकीची असली तरी, रास्त आहे.

अभ्यासमंडळ सोडू नका. तेथे तुमचा विश्वास झाकूनही ठेवू नका; पुढच्या वाचनाला लॉकचे ते दैवी मालकीचे प्रकरण घेऊ या, असे सुचवा. जर तेथे तुमची प्रत्येक वेळी टवाळीच होत असेल, तर तुम्ही ज्या विचाराला मोकळा समजता त्याचा तो कट्टा नव्हे एवढे ओळखा आणि दुसरे सोबती शोधा.

राहिला तो खिशाशी थबकणारा हात. तुम्ही त्याला श्रद्धा ढळल्याची खूण मानता. मला तसे वाटत नाही. देणे भाग पडते म्हणून देऊ नये, ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, हे पौलानेच लिहून ठेवले आहे, आणि सगळे पाहत असताना दिलेले आपण खरोखर ठरवून दिले का, हीच तुमची शंका आहे. तेव्हा रक्कम शनिवारी रात्री ठरवा, एकट्याने, दार लावून. तुमच्या मिळकतीकडे पाहून ती आकड्यात लिहा, पाकिटात घाला, पाकीट चिकटवा. थैली पुढे येईल तेव्हा निर्णय होऊन बारा तास उलटलेले असतील.